कीर्द आपली, खतावणी यंत्राची

वाणिज्य शाखेत पाऊल टाकले की पहिल्या महिन्यातच दोन वह्यांची ओळख होते. एक कीर्द आणि दुसरी खतावणी. व्यवहार घडला की तो तारीखवार कीर्दीत लिहायचा, आणि मग तोच व्यवहार उचलून खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर नेऊन बसवायचा. कीर्द वाचून दिवस कळतो, खतावणी वाचून माणूस कळतो. हे आपण घोकतो, परीक्षेत लिहितो आणि गुणही मिळवतो. पण हाच नियम आपल्या स्वतःच्या अभ्यासाला लावून पाहावा असे फारसे कोणाला सुचत नाही.

पदवीच्या वर्षांत आपण प्रत्येकी किती पाने लिहितो? तासाला उतरवून घेतलेली टिपणे, ग्रंथालयातून उतरवलेले उतारे, सोडवलेली उदाहरणे. ही सारी कीर्दच. एका तारखेपुढे दुसरी तारीख. त्यांची खतावणी मात्र होत नाही. पहिल्या वर्षी भागीदारीच्या प्रकरणात ऐकलेले ख्यातीमूल्य आणि पुढे कंपन्यांच्या एकत्रीकरणात भेटलेले ख्यातीमूल्य यांची कधी गाठच पडत नाही. परीक्षा संपली की वह्या रद्दीवाल्याच्या तराजूत जातात. एखाद्या व्यापाऱ्याने खतावणी न करता दरसाल कीर्द अशीच रद्दीत घातली, तर आपण त्याला काय म्हणू हे सांगायला नको.

गेल्या दोन-तीन वर्षांत कृत्रिम बुद्धिमत्तेची जी साधने आपल्या हाती आली आहेत, त्यांचा खरा उपयोग या ठिकाणी आहे असे माझे मत झाले आहे. निबंध लिहून घेण्यासाठी किंवा गृहपाठाची उत्तरे काढण्यासाठी त्यांचा जो वापर चालतो, त्याविषयी प्राध्यापकवर्ग पुरेसे बोलतो. मी त्यात भर घालत नाही. स्वतःच्या अभ्यासाचा एक कायमचा संग्रह उभा करायचा, त्यात यंत्राला कोणते काम द्यायचे आणि कोणते मुळीच द्यायचे नाही, एवढाच या लेखाचा विषय आहे.

ही कल्पना काही परक्या देशातून आलेली नाही. ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा जन्म १८८४ साली रायपूरचा, म्हणजे त्या वेळच्या मध्यप्रांतातला. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन परतलेल्या या माणसाने १९१६ च्या सुमारास नागपुरात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाच्या कामाला हात घातला आणि पुढे ते काम पुण्यास नेले. आम्हा वाणिज्यवाल्यांना विशेष आवडावी अशी गोष्ट म्हणजे, त्यांनी यासाठी कोणा राजाकडे हात पसरला नाही. मर्यादित कंपनी काढली आणि वर्गणीदार जमवले. ज्ञानाचा संग्रह भागभांडवलावर उभा राहतो हे त्यांनी दाखवून दिले. ज्ञानकोशाचे एकूण तेवीस खंड झाले, आणि त्यांपैकी एक संपूर्ण खंड केवळ सूचीचा आहे. हा सूचीचा खंड म्हणजे खतावणीच. तो नसता तर बाकीचे खंड कपाटाची शोभा झाले असते.

दुसरे उदाहरण पुण्याच्या डेक्कन कॉलेजातले. तेथे डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांनी १९४८ साली संस्कृतच्या विश्वकोशात्मक शब्दकोशाचे काम सुरू केले. सुमारे पंधराशे ग्रंथ वाचून त्यांतील शब्द चिठ्ठ्यांवर उतरवण्यात आले. एका चिठ्ठीवर एक शब्द, तो ज्या वाक्यात आला ते वाक्य, आणि ग्रंथाचा पत्ता. अशा चिठ्ठ्या जवळजवळ एक कोटी भरल्या. चिठ्ठ्या जमवण्यातच सुमारे पंचवीस वर्षे गेली आणि कोशाचा पहिला भाग बाहेर पडला १९७६ साली. (वाईहून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड निघाला तेही हेच साल. मराठी मुलखात १९७६ हे कोशांना लाभलेले वर्ष दिसते.) डेक्कन कॉलेजचा तो कोश अजून चालूच आहे. उतावळ्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये.

जर्मनीत निक्लास लुमान या समाजशास्त्रज्ञाने हेच काम एकट्याने, स्वतःपुरते केले. सुमारे नव्वद हजार चिठ्ठ्या, प्रत्येकीला क्रमांक, आणि एका चिठ्ठीवरून दुसरीकडे जाण्यासाठी त्या क्रमांकांचे उल्लेख. आपल्या कीर्दीत खाते-पानाचा रकाना असतो ना, तोच हा.

तेव्हा चिठ्ठी लिहिणे ही जुनी गोष्ट आहे. नवीन गोष्ट एवढीच की, केतकरांना ज्यासाठी मंडळ लागले आणि कत्र्यांना ज्यासाठी विद्वानांची एक पिढी लागली, ते लावालावीचे व शोधाशोधीचे काम आता विद्यार्थ्याच्या खिशातल्या फोनवर होऊ शकते.

हे यंत्र काय करते ते थोडक्यात समजून घेतले पाहिजे, म्हणजे त्याच्यावर कोठवर विसंबायचे ते ठरवता येते. आपण टिपणे दिली की यंत्र त्यांचे लहान लहान तुकडे पाडते आणि प्रत्येक तुकड्याचे रूपांतर आकड्यांच्या एका लांबलचक मालिकेत करते. अर्थाने जवळ असलेल्या तुकड्यांचे आकडेही जवळजवळ येतात. आपण प्रश्न विचारला की प्रश्नाचेही असेच आकडे होतात. त्यांना सर्वांत जवळचे तुकडे बाहेर काढले जातात आणि ते समोर ठेवून भाषेचे यंत्र उत्तर जुळवते. यातली खुबी अशी की, जवळीक अक्षरांची नसून अर्थाची असते. म्हणून मराठीत विचारलेला प्रश्न इंग्रजी टिपणापर्यंत पोहोचू शकतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले तेव्हा लोकांनी त्याला जगातले काहीही विचारायला सुरुवात केली आणि ते बिनदिक्कत उत्तरे देऊ लागले, खरी आणि खोटी दोन्ही. त्यानंतर २०२३ मध्ये गूगलचे नोटबुकएलएम आले. त्याची रीत वेगळी आहे. आपण दिलेल्या कागदांपुरतेच ते बोलते, आणि उत्तरातल्या विधानापुढे आकडा घालते; त्या आकड्यावर बोट ठेवले की मूळ उतारा उघडतो. हिशेबतपासणीच्या भाषेत बोलायचे तर, नोंदीबरोबर प्रमाणक जोडलेले असते. संग्रहासाठी ही दुसरी रीत बरी. मात्र प्रमाणक जोडलेले आहे म्हणून नोंद खरी असे हिशेबतपासनीस मानत नाही, तो प्रमाणक उघडून वाचतो. आपणही तो उतारा उघडून वाचावा. कधी कधी उतारा सांगत असतो एक आणि उत्तर त्याच्यापुढे चार पावले गेलेले असते.

आता भाषेचा प्रश्न. माझ्या दृष्टीने सगळ्या प्रकरणाचा जीव येथे आहे, आणि त्यासाठी मला माझ्या गावाविषयी दोन शब्द सांगावे लागतील. माझे गाव रामाकोना, सौंसर तालुक्यातले. पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात होते, २०२३ पासून पांढुर्णा जिल्ह्यात आहे. घरची भाषा मराठी, शाळा मराठी माध्यमाची. पण १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आमचा भाग मध्य प्रदेशात राहिला, त्यामुळे बँक, तहसील आणि बाजार हिंदीत. मी शाळेच्या वयात ‘तेरीज’ हा शब्द शिकले, तर सौंसरच्या बाजारात मुनीमजींच्या तोंडी ‘तलपट’ होते. आमचा ताळेबंद त्यांच्याकडे ‘चिट्ठा’, आमची कीर्द त्यांचा ‘रोजनामचा’. येथे कॉलेजात आल्यावर तीच मंडळी ट्रायल बॅलन्स, बॅलन्स शीट आणि जर्नल अशी नावे घेऊन पुन्हा भेटली. आणि वसतिगृहात शेजारच्या खाटेवर कानडी होतीच.

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याचे खरे नुकसान कोठे होते? त्याला विषय कळत नाही असे नाही. त्याला कळलेला विषय मराठीत मनाच्या एका खणात असतो आणि इंग्रजी पुस्तकातला शब्द दुसऱ्या खणात. दोन खण एकमेकांना उघडत नाहीत. परीक्षेत प्रश्न दुसऱ्या खणातल्या शब्दाने विचारला जातो आणि पहिल्या खणातले उत्तर बाहेर येत नाही. आमच्यातली कितीतरी चांगली मुले या दोन खणांमधल्या भिंतीपाशी थांबतात आणि ‘आपल्याला अकाउंटन्सी जमत नाही’ असा समज करून घेतात.

म्हणून माझ्या संग्रहातल्या प्रत्येक चिठ्ठीच्या माथ्यावर एका संज्ञेची चार नावे आहेत: इंग्रजी, मराठी, हिंदी आणि कानडी. कानडी रकाना माझ्या सहनिवासी मैत्रिणीने तपासला आहे. या उद्योगात काही गमती हाती लागल्या. इंग्रजीत डेप्रिसिएशन म्हटले की मला नुसता एक लांब शब्द दिसत असे. मराठीत त्याला घसारा म्हणतात, त्यात घासणे आहे. कानडीत सवकळी म्हणतात, त्यात झिजणे आहे. दोन्ही भाषांनी पायरीच्या दगडाकडे पाहून शब्द केला असावा असे वाटते. हिंदीतला ह्रास त्यापुढे जरा पंडिती वाटतो. कानडी सहकारी संस्थांच्या अहवालात ताळेबंदाला ‘अढावे पत्रिके’ म्हणतात हे कळल्यावर तर आपला ‘आढावा’ ओळखीच्या माणसासारखा भेटला. हे शब्द एका चिठ्ठीवर आले की यंत्राला कोणत्याही भाषेत विचारा, ते त्याच चिठ्ठीवर येऊन थांबते. गूगलचे जेमिनी हे साधन जून २०२४ मध्ये भारतातल्या नऊ भाषांत आले, त्यांत मराठी आणि कानडी दोन्ही आहेत. त्यामुळे आपल्या या दुभाषी कॉलेजात कोणाची अडचण होण्याचे कारण नाही.

चिठ्ठीवर पुढे काय असते? तीन-चार वाक्ये, पूर्णपणे माझ्या शब्दांत. एक उदाहरण, तेही माझेच. मग ग्रंथाचे नाव, पान, आणि लिहिल्याची तारीख. घसाऱ्याच्या चिठ्ठीवर आमच्या मळ्यातला पाण्याचा पंप आहे: किंमत ४०,००० रुपये, दर १० टक्के. स्थिर हप्ता पद्धतीने दरवर्षी ४,००० रुपये. घटत्या शेष पद्धतीने पहिल्या वर्षी ४,०००, दुसऱ्या वर्षी ३,६००, तिसऱ्या वर्षी ३,२४०. पुस्तकात यंत्रसामग्री असते, कंपनी ‘अ’ असते. त्या ‘अ’ कंपनीविषयी कोणाला कधी जिव्हाळा वाटला आहे?

ही तीन-चार वाक्ये यंत्राकडून लिहून घेऊ नयेत, यावर मी अगदी हट्टी आहे. पन्नास पानांचे प्रकरण दिले तर यंत्र अर्ध्या मिनिटात नीटनेटका सारांश काढून देते. तो वाचताना सगळे समजल्यासारखे वाटते, आणि नेमका तोच त्याचा धोका. कीर्द लिहिताना मुनीम प्रत्येक व्यवहाराला विचारतो की कोण घेणारा, कोण देणारा. तो विचार हेच शिकणे. तो दुसऱ्याने केला तर वही भरते, मुनीम घडत नाही. शब्द आपले, निवड आपली. लावणे, शोधणे, जोड दाखवणे आणि उलटतपासणी घेणे ही कामे यंत्राची. उलटतपासणीला तर ते फार चांगले. ‘माझ्या या वीस चिठ्ठ्यांवरून मला दहा प्रश्न विचार, उत्तर आधी सांगू नकोस’ असे मराठीत सांगितले की ते कंटाळा न करता विचारत बसते.

जोड दाखवण्याचे एकच उदाहरण देते. आमच्या आजोबांची बगिच्याची वही आहे. आमच्या भागात संत्र्याचे दोन बहार असतात, हिवाळ्याच्या शेवटी फुलणारा आंबिया आणि पावसाळ्याच्या तोंडी फुलणारा मृग. कोणत्या साली कोणता बहार धरला, खत किती, मजुरी किती, माल किती गेला, हे सर्व त्या वहीत आहे. काही पानांची छायाचित्रे घेऊन मी ती संग्रहात घातली. पुढे एकदा घसाऱ्याशी संबंधित सर्व चिठ्ठ्या मागितल्या, तेव्हा पंपाच्या चिठ्ठीशेजारी आजोबांचे एक पान येऊन बसले. त्यात नव्या लावलेल्या कलमांवर पहिली पाच वर्षे झालेला खर्च होता. यंत्राला त्यात काय दिसले कोण जाणे, पण माझ्या मनात प्रश्न उभा राहिला: संत्र्याच्या झाडाला घसारा लागतो का? जमिनीला लागत नाही, पंपाला लागतो, मग झाड कोणाच्या पंक्तीत?

आमच्या प्राध्यापकांनी वाट दाखवली आणि उत्तर लेखामानकांत सापडले. कंपन्यांना लागू असलेल्या इंड एएस १६ प्रमाणे, वर्षानुवर्षे फळ देणारे झाड हे यंत्र व इमारतीच्या पंक्तीत बसते. त्याला घसारा लागतो. त्याच झाडावर वाढणारे फळ मात्र इंड एएस ४१ खाली, जैविक मालमत्ता म्हणून वेगळे मोजले जाते. झाड फळावर येईपर्यंतचा खर्च त्याच्या किमतीत साठत जातो, जशी एखादी कंपनी स्वतःची इमारत बांधताना साठवते. आमचा बगिचा काही कंपनी नाही, आजोबांना या मानकाशी कर्तव्य नाही. पण पाच वर्षांचा खर्च त्यांनी वेगळ्या पानांवर का ठेवला होता याचा उलगडा मला त्या दिवशी झाला. मी फोनवर विचारले तेव्हा ते म्हणाले, “झाड फळावर येत नाही तवरोक तो खर्च वेगळाच ठेवा लागते ना. सालाच्या खर्चात कसा धरशीन?” मानकातला परिच्छेद याहून सोपा नाही.

त्याच वहीने यंत्राची मर्यादाही दाखवली. आजोबा शेकड्यासाठी ‘शे.’ असे लिहितात. ‘१२ शे. संत्रा’ म्हणजे बाराशे फळे. हस्ताक्षर वाचणाऱ्या एका साधनाने त्याचे सरळ ‘१२ शेर’ केले, आणि शंका असल्याचे चिन्हही ठेवले नाही. आजोबांना सांगितले तर ते हसले. “संत्रा काय शेरानं मोजते का कोनी? वही पाह्य, मंग बोल.” तेव्हापासून छायाचित्रावरून उतरवलेल्या प्रत्येक मजकुराशेजारी मूळ छायाचित्र ठेवायचे हा नियम आहे. छापील मजकुराचीही एक अडचण लक्षात ठेवावी. कृतिदेवसारख्या जुन्या टंकात केलेल्या हिंदी-मराठी फायली डोळ्यांना देवनागरी दिसतात, पण आत रोमन अक्षरांचा काला असतो. यंत्राला त्यातले काही कळत नाही. त्या आधी युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या लागतात.

चिठ्ठीवरच्या तारखेविषयी थोडे अधिक लिहिणे भाग आहे, कारण आपल्या शाखेत ज्ञान नासते. इतिहासवाल्यांचे पानिपत १७६१ सालीच राहते. आमचे कर बदलतात. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ रोजी आला तेव्हा ५, १२, १८ आणि २८ टक्के असे मुख्य चार दर होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून मुख्यतः ५ आणि १८ असे दोन, व काही निवडक वस्तूंवर ४० टक्के अशी रचना आली. १९६१ च्या आयकर कायद्याच्या जागी २०२५ चा कायदा, त्याच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६; आणि ‘मागील वर्ष’ व ‘करनिर्धारण वर्ष’ या जोडीने पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांना छळले, तिच्या जागी एकच ‘कर वर्ष’. आता ज्याच्या संग्रहात दोन्ही काळांची टिपणे बिनतारखेची पडली आहेत, त्याला यंत्र दोन्हींची खिचडी वाढील, आणि तीही सुग्रास भाषेत. यंत्राला जुने-नवे आपोआप कळत नाही. तारीख लिहिलेली असली तरच कळते.

मग जुनी चिठ्ठी फाडावी काय? मुळीच नाही. कीर्दीत खाडाखोड चालत नाही, चूक-दुरुस्तीची नवी नोंद करावी लागते. तसेच येथे. जुन्या चिठ्ठीवर ‘या तारखेपर्यंत’ असे लिहायचे, नवी चिठ्ठी करायची आणि एकीवर दुसरीचा क्रमांक घालायचा. जुन्या वर्षांची उदाहरणे सोडवताना जुना दर लागतोच.

राहता राहिला ठेवण्याचा प्रश्न. चिठ्ठ्या साध्या मजकुराच्या फायलींत, आपल्या स्वतःच्या यंत्रावर ठेवाव्यात, एक प्रत दुसरीकडे. ऑब्सिडियनसारखी साधने अशाच साध्या फायली वाचतात. साधने येतील आणि जातील. डेक्कन कॉलेजातल्या १९४८ नंतरच्या चिठ्ठ्या आजही वाचता येतात त्या कागदाला कोणतीही कंपनी मध्ये लागत नाही म्हणून. आणि जे आपले नाही ते यंत्राला देऊ नये. आजोबांच्या वहीत गावातल्या उधारीची पाने आहेत. कोणाकडे किती येणे, कोणी लग्नासाठी किती नेले. ती पाने मी संग्रहात घातलेली नाहीत आणि घालणारही नाही. दुसऱ्याच्या कर्जाची नोंद परक्या संगणकावर पाठवण्याचा अधिकार मला कोणी दिलेला नाही.

सध्या संग्रहात लेखाकर्म, व्यापारी कायदा आणि करआकारणी या तीन विषयांच्या चिठ्ठ्या आहेत. ज्यांना त्यांची ठेवण पाहायची असेल त्यांनी ग्रंथालयात दुपारच्या सुटीत भेटावे. प्रत नेण्यास हरकत नाही, मात्र उदाहरण स्वतःचे घालावे. कानडी विभागातील मित्रांना एक विनंती आहे. हुंडीच्या चिठ्ठीवर कानडीचा रकाना अजून कोरा आहे. पुस्तकातला शब्द मिळेल, पण तो नको. आपल्या घरच्या दुकानात किंवा अडतीवर जुनी माणसे जो शब्द वापरतात तो हवा आहे, आणि शक्य असल्यास ज्या वहीत तो लिहिलेला आहे तिच्या त्या पानाचे छायाचित्र.